झिरो नंबरची लेन्स म्हणजे काजळ नव्हे

लग्नसराई आणि जत्रा तोंडावर आल्या की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डोळ्यात घालायच्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सला नंबर नसतो, म्हणजे ती काजळ-लिपस्टिकसारखीच, डॉक्टर लागत नाही, उकळलेल्या पाण्यात ठेवा, मैत्रिणींत फिरवा, एका रात्रीने काही होत नाही, डोळा लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणा, नियम-बियम हा रंगीत लेन्स बंद पाडायचा चष्मेवाल्यांचा डाव आहे.

“नंबर नाही, तर तपासायचं काय?” शून्य असते ती पॉवर. डबीवर त्याखेरीज दोन आकडे असतात, उदाहरणार्थ बीसी 8.6 आणि डीआयए 14.2. पहिला लेन्सच्या बाकाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक माणसागणिक वेगळा असतो. तिथे रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. लेन्स घट्ट बसली की खालचे अश्रू बदलत नाहीत, कॉर्निया सुजतो, वरचा थर सोलवटतो आणि जंतूंना वाट मिळते. नीट बसलेली सॉफ्ट लेन्स पापणी मिटताना साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर सरकते. ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, लेन्स घालून वीसेक मिनिटांनी बघतात. आरशात दिसतो तो फक्त रंग. आणि हलक्या प्रतीच्या लेन्सवर तो रंग आतल्या थरात नसून पृष्ठभागावरच असला, तर खरखरीतपणा थेट डोळ्याला घासतो.

“उकळलेलं पाणी चालतं.” मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. साध्या पाण्यात अश्रूंइतके क्षार नसतात, त्यामुळे लेन्स फुगते, आकार बदलते आणि डोळ्याला चिकटते. उकळलेलं पाणी गार झालं, भांडं बदललं, बोट बुडलं की त्याची शुद्धता संपली. विहिरीच्या, टाकीच्या आणि नळाच्याही पाण्यात अकॅन्थअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचं कवच इतकं चिवट की क्लोरीनलाही तो दाद देत नाही, आणि डोळ्यात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. तारकर्लीला लेन्स घालून स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनाही हेच लागू.

बरोबर रीत अशी: हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मल्टिपर्पज सोल्यूशनचे (लेन्स धुण्या-बुडवण्याच्या तयार द्रावणाचे) थेंब टाकून लेन्स तळहातावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद चोळा, त्याच सोल्यूशनने धुवा आणि ताज्या सोल्यूशनमध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ बुडवून ठेवा. कालच्या सोल्यूशनमध्ये नवीन भर घालू नका. सलाइनने, म्हणजे नुसत्या मिठाच्या द्रावणाने, लेन्स ओली राहते, निर्जंतुक होत नाही. रिकामी डबी उपडी वाळवा आणि तीन महिन्यांनी फेका.

“मैत्रिणींत वापरली तर काय होतं?” एकीचे जंतू दुसरीच्या डोळ्यात जातात. यापुढे सांगायला काही नाही.

“एका रात्रीचा तर प्रश्न आहे.” दशावतार रात्रभर चालतो, लग्नाची वरात उशिरा संपते आणि दमलेला माणूस लेन्ससकट झोपतो. मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू आणखी कमी होतो. संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. स्यूडोमोनास हा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. सोंगासाठी लेन्स घालायचीच असेल, तर रंग लावण्याआधी घाला आणि चेहरा धुण्याआधी काढा.

“नियम हा चष्मेवाल्यांचा डाव.” 11 फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. विक्रीसाठी एमडी-42 हे नोंदणी प्रमाणपत्र 2022 च्या दुरुस्तीने आलं. म्हणजे जत्रेतल्या कटलरीच्या स्टॉलवर बिलाविना लेन्स विकणं आजच्या नियमातही बसत नाही. डबीवर बॅच नंबर, मुदत, आणि माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता व आयात परवाना क्रमांक हवा. यातलं एक जरी नसेल, तर ती घेऊच नका.

मात्र नियमातही एक भोक आहे. एमडी-42 साठी बारावी पास आणि उपकरणविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला माणूसही चालतो. हा नियम मालाची नोंद ठेवतो, डोळ्याच्या मापाची नाही. खरी मागणी इथेच करायला हवी: शून्य पॉवरची लेन्ससुद्धा ऑप्टोमेट्रिस्टने (डोळे तपासून चष्म्या-लेन्सचं माप काढणाऱ्याने) किंवा नेत्रतज्ज्ञाने लिहून दिलेल्या मापाशिवाय विकू नये, आणि घालण्या-काढण्याचा सराव दुकानातच करून घ्यावा. यात बंदी कुठे आली?

“लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणा.” त्या थेंबात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि बुरशीचा संसर्ग आत बळावतो. मागे राहतं ते बुबुळावरचं फूल, म्हणजे पांढरा डाग. दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं किंवा पांढरा ठिपका, यातलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढा, डोळ्यावर पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर न्या. कोणता जंतू आहे ते कधीकधी त्यावरूनच कळतं.