दुधाच्या पिशवीचा कोपरा

लेक अंधेरीला पीजी म्हणून राहते. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मी सांगितलंय, ऑफिस जवळ पडतं म्हणून. दोन वर्षं हेच सांगतेय. परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, पण घाटकोपरला उतरून मेट्रो धरली की पंधरा-वीस मिनिटांत अंधेरी. माझा भाचा रोज जातो." मेट्रो २०१४ पासून धावतेय, मला काय माहीत नाही? "हो ना, पण आजकालची मुलं..." असं काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात आमचा मजला आला.

खरं कारण आज लिहून टाकते. ती माझ्यामुळे गेली.

मी मारकुटी नाही, आरडाओरडाही फारसा करत नाही. माझं हत्यार टोमणा. तो चालला नाही तर अबोला. आमच्याकडे दुधाची पिशवी कापायची एक पद्धत आहे. कोपरा कापायचा, पण पूर्ण तोडायचा नाही, तो कपटा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. सुटा कपटा सिंकमधून गटारात जातो, तो कोणी गोळा करत नाही. कारण अगदी खरं आहे आणि मी आजही तशीच कापते. पण लेकीने एकदा परीक्षेच्या दिवशी पहाटे चहा करताना कोपरा पूर्ण उडवला, तेव्हा मी म्हणाले, "छान. इंजिनियर होणार बाईसाहेब, आणि दुधाची पिशवी कापता येत नाही." त्या दिवशीचा पेपर वाईट गेला. पिशवीमुळे गेला असं ती कधीच म्हणाली नाही. मीच म्हणतेय.

नवऱ्याने कपडे वाळत घातले की मागून जाऊन मी चिमटे बदलायचे. त्याने कपडे वाळत घालणं सोडलं. मग मी मैत्रिणींना सांगायला मोकळी, की हा घरात काडीचं काम करत नाही. लेक कॉलेजला लागल्यापासून व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन. ते आठ तासांनी आपोआप बंद होतं, की माझा फोन: "परत पाठव."

आपल्या भाषेत लागेल असं बोलायला शब्द तरी किती! टोमणा, टोला, खोचक, तिरकस, कुजकट, खवचट, घालूनपाडून, उणंदुणं, आणि शालजोडीतले. जोडा मारायच्या आधी तो गुंडाळायला शालसुद्धा ठेवलीय आपण. आणि स्वतःला सांभाळून घेणं, ज्याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात, त्याला काय? आत्मकरुणा, स्वकरुणा. हे शब्द मी आजवर कुणाच्या स्वयंपाकघरात ऐकलेले नाहीत.

आता हे आलं कुठून, ते सांगते. सबब म्हणून नाही, पण सांगायला हवं.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले एक आमचे. तोवर आई तांदूळ वाटीने घ्यायची, नंतर मुठीने मोजायला लागली. बाकी काहीच तिच्या हातात उरलं नाही, तेव्हा तिने आमच्या वेण्या, आमचे डबे, आमचं बोलणं-हसणं हातात घेतलं. लालबागच्या चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत एक चमचा जरी जागेवर नसला तरी ती बिथरायची. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता कळतं की ती घाबरलेली होती.

आणि माझं स्वतःचं म्हणाल तर २६ जुलै २००५. मी फोर्टात बँकेत. गंमत बघा, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३. आम्हाला खिडकीतून नेहमीचा पावसाळा दिसत होता आणि गाड्या का बंद आहेत तेच कळेना. लेक पाच वर्षांची, मुलुंडला पाळणाघरात. फोन लागत नव्हते. रात्र बँकेतच काढली, दुसऱ्या दिवशी चालत, मग एका टेम्पोत, परत चालत, चार वाजता पोचले. पाळणाघरवाल्या काकूंनी तिला मऊ भात कालवून दिला होता, ती भिंतीला टेकून मजेत खात होती. मला बघून हसली. आणि मी, जी सायनपासून रडत आले होते, तिला म्हणाले काय? "केस का नाही विंचरलेस?"

हे वाक्य मला वीस वर्षं आठवत नव्हतं. काकूंना आठवत होतं.

लेकीने घर सोडतेय असं सांगितलं त्या रात्री मी जे केलं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. ती शांतपणे म्हणाली, "आई, मला घरात श्वास घेता येत नाही." मी आधी म्हणाले, "जा." मग रडायला लागले. "मीच वाईट. मीच नालायक आई. तुमच्या सगळ्यांच्या आयुष्याची मी माती केली. मी मेले की सुटाल एकदाचे." तिने हातातली बॅग खाली ठेवली, पाणी आणलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत तासभर बसली. "नाही गं आई, तसं नाही, तू खूप केलंस." लागलं होतं तिला आणि समजूत माझी घातली जात होती. तिचं जाणं चार दिवसांनी लांबलं.

म्हणजे तो सगळा पश्चात्ताप नव्हताच. तीही एक दोरी होती, टोमण्याहून जाड. "मीच वाईट" असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद. तो मूळ तक्रार करूच शकत नाही. स्वतःला झोडपणारा माणूस सुधारतोय असं आपल्याला वाटतं, पण तो बहुतेक वेळा फक्त खोलीतलं सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेत असतो. मी तरी घेत होते.

ती गेल्यावर मी ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "तुमच्या हाताखालची नवीन मुलगी चुकली असती, तर तिला तुम्ही असं बोलला असतात का, जसं स्वतःला बोलता?" मी विचार करून खरं ते सांगितलं, "हो. बोलते." बाई एकदम हसल्या. म्हणाल्या, "मग आपल्याला जरा जास्त वेळा भेटावं लागेल."

त्यांच्याकडूनच अल्बर्ट एलिस हे नाव ऐकलं. १९५५ च्या सुमारास या अमेरिकन माणसाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि ती मराठी माणसापर्यंत पोचवली ती कि. मो. फडक्यांनी. त्यातलं मला भिडलं ते 'च' प्रकरण. मीठ बरोबर असावं, ही इच्छा झाली. मीठ बरोबर असलंच पाहिजे, हा हुकूम. मी आठवडाभर वहीत माझे 'च' मोजायचं ठरवलं. पाचव्या दिवशी वही बंद केली. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त 'च' माझ्या स्वतःवर होते. मी चुकताच कामा नये. माझ्या घरी नावं ठेवायला जागाच नको. लेकीवर जे उडायचं ते नुसते शिंतोडे होते, हौद माझ्या आत होता. दुसरी गोष्ट: चुकीला चूक म्हणा, पण तेवढ्यावरून अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका, स्वतःलाही नाही.

माझ्या बहिणीचं मत असं, की हे सगळे चोचले आहेत. "स्वतःला माफ करून मोकळी हो, आणि दुसऱ्यांनी भोगा." मलाही आधी असंच वाटायचं. पण मी तीस वर्षं बँकेत काढलीत. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली आणि साहेब ओरडणारा असेल, तर पोरं काय करतात? खिशातून पैसे घालतात, उद्यावर ढकलतात, लपवतात. चूक कुठे झाली ते सापडतच नाही. साहेब "बस, चहा घे, एकेक व्हाउचर बघू" म्हणणारा असेल तर अर्ध्या तासात सापडते. मी माझ्यासाठी तो ओरडणारा साहेब होते. त्यामुळे मी टोमणे मारते हे मला मान्यच करता यायचं नाही. मान्य केलं की शिक्षा ठरलेली. मग "मी कुठे काय बोलले?", "गंमत केली", "तुझ्या भल्यासाठीच".

क्रिस्टिन नेफ नावाच्या संशोधक बाईंनी २००३ मध्ये या स्वकरुणेची नीट मांडणी केली, त्यात त्या तीन गोष्टी धरतात. स्वतःशी मायेनं वागणं, जे होतंय ते वाढवूनही नाही आणि दाबूनही नाही, आहे तसं बघणं, आणि असं चुकणारी मी एकटी नाही हे लक्षात ठेवणं. मला तिसरी सगळ्यात उपयोगी पडली. ओढणीच्या टोकाने डोळे पुसत बसलेल्या बायका मी लेडीज डब्यात जन्मभर बघितल्यात. त्यातल्या निम्म्या तरी सकाळी घरात कुणाला तरी काहीतरी बोलून आल्या असणार.

आणि दूर कशाला जायचं? रामदासांचे मनाचे श्लोक २०५. लहानपणी चाळीत पाठांतराला असायचे. ते मनाला पुष्कळ दटावतात, पण हाक काय मारतात? मना सज्जना. मी माझ्या मनाला आयुष्यभर "ए मूर्ख" अशी हाक मारत आले होते.

स्वीकार म्हणजे काय, हे मला डब्यातच कळलं. तीन जणींच्या बाकावर चौथी येते, "थोडं सरका" म्हणते. आपल्याला नको असते. तिची पर्स आपल्या बरगडीत घुसते. पण आपण सरकतो. तिच्याशी भांडलं तर पूर्ण प्रवास भांडणात जातो, आणि तिच्या गळ्यात गळा घालायचीही गरज नसते. ती दादरला उतरून जाते. आता जिभेवर टोमणा आला की मी मनातल्या मनात सरकते. छाती गरम होते, हात वळवळतात. बस बाई. दोन-तीन स्टेशनं जातात आणि बहुतेक वेळा ती उतरते. कधी नाही उतरत. मग टोमणा जातोच.

गेल्यावर काय, ते आता बदललंय. गणपतीत लेक आली होती, मोदकाच्या कळ्या पाडत होती. मी म्हणाले, "वा, हे मोदक की समोसे?" तिचा हात थांबला. पूर्वी असती तर मी पुढे दहा मिनिटं हसून सारवासारव केली असती, नाहीतर रात्री रडले असते. या वेळी म्हणाले, "हा टोमणा होता. चुकलं माझं." एवढंच. पुढे 'पण' नाही. रडणं नाही. ती काही बोलली नाही. मी तिला बोलायला लावलंही नाही, आणि हे मला माफी मागण्याहून दसपट जड गेलं.

हे वाचून कुणी "मी अशीच आहे, पटलं तर राहा" म्हणणार असेल, तर तो स्वीकार नव्हे. तो हुकूमच, नवीन साडी नेसलेला. आणि ज्यांच्या घरी हात उचलला जातो, पगार काढून घेतला जातो, फोन तपासला जातो, त्यांनी ही पोस्ट वाचून समोरच्याला समजून घेत बसू नये. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि ज्यांना माझ्यासारखं स्वतःच्या जिभेची भीती वाटते, त्यांच्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात.

लेक परत येईल का, माहीत नाही. मी विचारत नाही. नवऱ्याने मागच्या महिन्यात एकदा कपडे वाळत घातले, चिमटे सगळे उलटसुलट. मी तिथे गेले, बघितलं, आणि दोन बदलले. दोनच.

लाइव्ह लोकेशन मीच बंद करायला सांगितलं, जूनमध्ये. त्यानंतर एका रेड अलर्टच्या दिवशी संध्याकाळी सातपासून फोन हातात धरून बसले होते. टीव्हीवर हिंदमाता, मिलन सबवे, नेहमीचं पाणी. फोन केला नाही. पावणेदहाला तिचाच मेसेज आला. "पोचले. जेवलीस का?"

मी "छत्री नेली होतीस का" लिहिलं आणि पुसलं. "इतका उशीर" लिहिलं, तेही पुसलं. मग "नाही अजून, भाकऱ्या करतेय" असं लिहून पाठवलं, आणि पाठवल्या पाठवल्या खाली आणखी एक गेलाच: "छत्री होती ना?"

"नव्हती," तिने लिहिलं. पुढे हसरा चेहरा.

तवा तापून धूर यायला लागला होता. फोन ओट्यावर उलटा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.