‘फाइल एआयला द्या आणि निर्धास्त व्हा’ या दाव्याचा प्रतिवाद

सध्या एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा की, वर्ड प्रोसेसर शिकण्याचे दिवस आता संपले. फाइल एआय सहायकाला द्यावी आणि ‘भाषा सुधार’ एवढेच सांगावे. तो मूळ अर्थाला धक्का न लावता भाषा सुधारतो, मांडणी जशीच्या तशी ठेवतो, संपूर्ण दस्तऐवज वाचून त्यात सुसंगती आणतो, लागतील ते संदर्भही स्वतःच भरतो. त्यामुळे फाइल पुन्हा तपासण्याची गरज उरत नाही. पहिला मसुदा उभा करणे, लांबलेली वाक्ये तोडणे, विस्कळीत टिपणांतून बैठकीचे इतिवृत्त तयार करणे ही कामे असे सहायक खरोखरच झटपट करतात, आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. आक्षेप आहे तो तपासणीची गरज नसल्याच्या निष्कर्षाला. त्याच्या समर्थनार्थ केलेल्या चारही विधानांपैकी एकही सांगितले आहे तितक्या निःशंकपणे खरे मानता येत नाही.

पहिले विधान अर्थाविषयीचे आहे. हाताने दुरुस्ती करणारा माणूस चुकीच्या शब्दावर बोट ठेवतो आणि तेवढाच शब्द बदलतो. एआय सहायक सामान्यतः तसे करत नाही; दिलेला परिच्छेद समोर ठेवून तो नवा परिच्छेद पहिल्या शब्दापासून तयार करतो. जो भाग जुन्यासारखाच दिसतो, तोही बहुधा नव्याने लिहिला गेलेला असतो. त्यामुळे ज्या शब्दाला हात लावायला कोणी सांगितलेले नव्हते, तोही बदलू शकतो, आणि नेमके हेच बदल डोळ्यांतून निसटतात. एखाद्या करारात ‘संपूर्ण माल ताब्यात मिळाल्यानंतरच देयकाची रक्कम अदा केली जाईल’ असे वाक्य आहे असे समजू. ते सुटसुटीत करून मागितल्यावर ‘माल मिळाल्यावर देयकाची रक्कम दिली जाईल’ असे वाक्य परत येऊ शकते. वाचायला ते निश्चितच सोपे आहे. पण ‘संपूर्ण’ गेले आणि ‘च’ही गेला, म्हणजे अर्धाच माल पोहोचवून पूर्ण रक्कम मागणाऱ्या पुरवठादाराला भांडायला जागा मिळाली. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात कोणतीही चूक नाही, म्हणून शुद्धलेखन तपासणारी कोणतीही सोय त्यावर लाल रेघ ओढणार नाही. करार, नियमावली, वैद्यकीय सूचना, निविदा अशा मजकुरात अवघड वाटणारी वाक्ये अनेकदा मुद्दाम तशी लिहिलेली असतात. त्यांचा बोजडपणा हा दोष समजून तो काढून टाकायला सांगणे हीच तिथली मोठी चूक ठरते. (भाषेच्या सफाईला गुणवत्ता मानण्याची सवय एआयच्या आधीपासूनची आहे, हेही मान्य केले पाहिजे.)

मांडणी जशीच्या तशी राहते, हे दुसरे विधान. वर्डची डॉक्स (.docx) प्रकारची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा असतो. तिच्या प्रतीचे नाव बदलून शेवटी .docx ऐवजी .zip असे लिहिले की आतल्या एक्सएमएल (खुणा घालून रचना नोंदवणाऱ्या) फाइली उघडून पाहता येतात: मजकूर एका फाइलीत, शैली (शीर्षक, परिच्छेद इत्यादींना दिलेले ठरावीक रूप) दुसरीत, क्रमांकन तिसरीत, तळटिपा आणि शेरे आणखी वेगळ्या फाइलींत. वर्ड 2007 पासून हाच प्रकार रूढ आहे आणि 2006 साली एक्मा या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने त्याचे प्रमाणीकरण केले. पडद्यावर सलग दिसणारे वाक्य आत अनेक तुकड्यांत विभागलेले असते. मधला एकच शब्द ठळक केला, तरी त्या वाक्याचे किमान तीन तुकडे होतात. चॅटच्या खिडकीत मजकूर चिकटवून त्याचे उत्तर फाइलीत परत चिकटवले, तर या रचनेतले बरेचसे वाटेतच गळून पडते. तळटिपेचा दुवा तुटून तिथे नुसता आकडा उरतो. ‘पाहा: कलम 7’ हा आपोआप बदलणारा संदर्भ साधा मजकूर बनतो, आणि पुढे वर एखादे कलम वाढले की तो मुकाट्याने चुकीच्या कलमाकडे बोट दाखवू लागतो. शीर्षकाला हेडिंगची शैली न लागता ते नुसते ठळक अक्षरांत आले, तर शैलींवरून तयार होणाऱ्या अनुक्रमणिकेत ते येतच नाही. वर्ड प्रोसेसरच्या आत काम करणारे सहायक यातले बरेच सांभाळू शकतात, हे खरे आहे. परंतु फिरणारा मजकूर या दोन पद्धतींत फरकच करत नाही. शिवाय अनुक्रमणिका का बिघडली हे ओळखायला शैली म्हणजे काय ते माहीत असावे लागते, म्हणजे जे शिकण्याची गरज संपली असे सांगितले जाते, नेमके तेच.

‘संपूर्ण दस्तऐवज वाचतो’ या विधानाचा निकाल लवकर लागतो. प्रत्येक भाषा-मॉडेलला, म्हणजे एआय सहायकामागच्या प्रणालीला, एका वेळी ठरावीक मर्यादेपर्यंतचाच मजकूर विचारात घेता येतो. मोठ्या फाइलीतून प्रश्नाशी संबंधित वाटणारे तुकडे निवडून तेवढेच मॉडेलपुढे ठेवण्याची पद्धतही अनेक साधनांत वापरली जाते. अशा वेळी सुरुवातीच्या व्याख्येत ‘लाभार्थी’ आणि शेवटच्या परिशिष्टात ‘अर्जदार’ अशी विसंगती राहून गेली, तरी सहायकाचे उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येते.

संदर्भ स्वतःच भरण्याविषयी न्यायालयीन दाखला उपलब्ध आहे. ‘माता विरुद्ध एव्हियांका’ (Mata v. Avianca; माता हे प्रवाशाचे आडनाव, एव्हियांका ही विमान कंपनी) या न्यूयॉर्कमधील खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीच्या मदतीने तयार केलेले लेखी निवेदन सादर केले. त्यात उद्धृत केलेले अनेक निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून 2023 मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी त्यांना 5,000 डॉलरचा दंड ठोठावला. त्यातली एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: हे निवाडे खरे आहेत का, असे वकिलाने त्याच साधनाला विचारले होते आणि त्याने होकार दिला होता. ज्याने संदर्भ रचला, त्यालाच तो तपासायला सांगितल्याने तपासणी होत नाही. पक्षकारांची नावे आणि निकालाचे वर्ष बिनचूक साच्यात बसवणे मॉडेलला सहज जमते, त्यामुळे खोटा संदर्भ दिसायला खऱ्याइतकाच नेटका असतो.

तपासणी अनावश्यक असल्याचा निष्कर्ष यानंतर टिकत नाही. मात्र तपासणी म्हणजे सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचणे नव्हे. तसे असते, तर वाचलेला वेळ त्यातच गेला असता. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवावी, सुधारलेली फाइल आली की वर्डमधील किंवा लिबरऑफिसमधील दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय वापरावी, म्हणजे घातलेला आणि वगळलेला प्रत्येक शब्द वेगळ्या रंगात समोर येतो आणि एकेक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. मघाचा हरवलेला ‘च’ तिथे खोडलेला दिसतो. सहायकाला काम सांगतानाही ‘भाषा सुधार’ म्हणण्याऐवजी ‘फक्त शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कर, वाक्यरचना बदलू नकोस आणि केलेल्या बदलांची यादी दे’ असे सांगितले, तर तपासण्याजोगे बदल बरेच कमी होतात. त्याने दिलेली यादी अपुरी असू शकते, म्हणून तुलना तरीही करावी लागते. बदलांची नोंद ठेवण्याची सोय (ट्रॅक चेंजेस) चालू ठेवून चॅटमधले उत्तर फाइलीत चिकटवले, तर त्या नोंदीत प्रत्येक बदलापुढे वेळ आणि नाव उमटते, आणि ते नाव एआय सहायकाचे नसून चिकटवणाऱ्याचे असते.