शेकोटी तुमची, धूर शेजाऱ्याचा

परसातल्या शेकोटीला नियम हवेत की नकोत, यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. हवेतच. माझी तक्रार अशी, की बहुतेक नियमांत जाळाची मापं असतात, पण धुराबद्दल असलंच तर एखादं मोघम वाक्य.

अमेरिकेतली कितीतरी शहरं ज्यावरून आपले नियम ठरवतात, तो इंटरनॅशनल फायर कोड घ्या. शेकोटीतल्या लाकडांचा घेर 3 फूट व्यासाच्या आत, उंची 2 फुटांच्या आत. घरापासून आणि पेट घेईल अशा कुठल्याही सामानापासून 25 फूट अंतर. हाताशी पाण्याचा पाइप, वाळू किंवा अग्निशामक. आणि आग पूर्ण विझेपर्यंत कोणीतरी तिथे हजर पाहिजे. यातलं काहीच जाचक नाही. शेवटची अट तर लोक सर्रास मोडतात. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की उठून झोपायला जातात आणि राखेखाली निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, राख गार लागेपर्यंत.

पण धूर काही 25 फुटांवर थांबत नाही. लाकडाच्या धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. पलीकडच्या घरात दम्याचं मूल असेल तर त्याची अख्खी रात्र खोकण्यात जाते. "खिडक्या लावून घ्या" असं त्या घराला सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्यात शेकोटीची हौस येते ती थंड, वारा पडलेल्या रात्री, आणि नेमक्या अशाच रात्री धूर वर न जाता जमिनीलगत साचतो.

ओली लाकडं, रंगवलेल्या फळ्या, प्लायवुड, प्लास्टिक यांवर तर सरळ दंडच हवा. वाळवी लागू नये म्हणून पूर्वी लाकडाला जी रसायनं मुरवत, त्यांत आर्सेनिकही असे. ते राखेत उरतं आणि मुलं तिथेच खेळतात.

माझं म्हणणं एवढंच: हवा खराब असलेल्या दिवशी शेकोटी बंद, रात्रीची वेळ ठरलेली, आणि शेजाऱ्याने धुराचा त्रास होतोय असं सांगितलं की लगेच विझवायची. एखादा शेजारी मुद्दाम छळेल, हे मान्य. त्यासाठी वारंवार येणाऱ्या तक्रारींची अधिकाऱ्याने येऊन शहानिशा करावी. तोवर मात्र आग विझलेलीच राहू दे.