रिपोर्ट आला म्हणजे प्रश्न मिटला?

"गुणसूत्रांची तपासणी केली की मुलगा की मुलगी हा प्रश्न निकाली निघतो" हे नवजात बाळांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. क्लोएकल एक्स्ट्रॉफी या जन्मजात दोषात बाळाचं पोट खालून उघडं असतं, मूत्राशय-आतडं बाहेर, जननेंद्रियं दुभंगलेली. रिपोर्ट एक्सवाय, म्हणजे मुलाची गुणसूत्रं, असा आला तरी शिश्न घडवता येणार नाही म्हणून अमेरिकेत अशा बाळांना सर्रास मुलगी ठरवून वृषणं काढत. 2004 साली रायनर आणि गिअरहार्ट या डॉक्टरांनी अशा एक्सवाय असलेल्या 16 जणांचा अभ्यास छापला. मुलगी ठरवलेल्या 14 पैकी 8 जणांनी पुढे आपण मुलगा असल्याचं सांगितलं. रिपोर्ट हातात होताच की!

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. हिरव्या झाकणाच्या नळीतून गुणसूत्रांच्या तपासणीला रक्त गेलं की रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात. तोवर मनगटाच्या पट्टीवर फक्त आईचं नाव आणि 'बाळ'. बाहेर आजी हटून बसलेली, "सिस्टर, पेढे की बर्फी, एवढं तरी सांगा." पण जननेंद्रियं संदिग्ध असतील तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात आजार, म्हणजे सीएएच, आहे का ते आधी बघावं लागतं. त्यात सोडियम घसरून, पोटॅशियम चढून दुसऱ्या आठवड्यात बाळ दगावू शकतं. लेखात त्यावर एक ओळ नाही.