गाईडमधली नदी आणि आमची सिंदफणा

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पुढं सरका.

भाची नववीत आहे, माजलगाव तालुक्यात. शाळेनं 'नदीचे आत्मकथन' लिहून आणायला सांगितलं. पोरीनं आपल्या सिंदफणेचं लिहिलं. दुपारी वही बघितली, तर पानभर तिरकी लाल रेघ आणि खाली शेरा: 'भाषा अशुद्ध. गाईडमध्ये पाहून पुन्हा लिहा.'

गाईडमधली नदी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. डोंगराच्या कुशीत जन्मते, झुळझुळ वाहते, शेवटी सागराला मिळते. आमची पोरगी काय लिहिते? 'मी समुद्राला जात नाही. मंजरथला गोदावरीत जाते, पुढचं तिला माहीत.' अरे, भूगोलाच्या सरांनी तरी पाठ थोपटायची!

पुढं लिहिलंय, 'उन्हाळ्यात माझ्या अंगावरून वाळूचे ट्रॅक्टर जातात, रातचे, लाईट बंद करून.' मग 2025 च्या सप्टेंबरातला पूर. 'मला आवरलंच नाही. कुणाच्या सोयाबीनमधून गेले, कुणाच्या गोठ्यातून. मागं बघितलं तर म्हशीचा खुंटा तेवढा उभा होता.' नववीतली पोर आहे हो. या ओळीवर लाल रेघ ओढताना हात कसा थरथरला नाही?

शुद्धलेखन यायला पाहिजे, नाही कोण म्हणतंय. 'रातचे'ला गोल करा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. पण खुंटा खोडू नका.

सरांचंही खरं आहे म्हणा. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, पोर्शन संपवायचा, वर निवडणुकीची कामं. बोर्डाच्या पेपरात कथालेखन आहे, आत्मकथन आहे, पण पाठ केलेलं लिहिलं तरी मार्क पडतात. मग कशाला कोण डोकं लावील? आणि आपल्याकडं तर आठवीपासूनच लातूर पॅटर्नचं वारं. मराठी म्हणजे टक्केवारी सावरायचा विषय.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी असलेली पोरं आता कमावती झाली. त्यांच्यातल्या कुणाकडं त्या रांगेबद्दल स्वतः लिहिलेलं एक पान असेल का? त्या वर्षीही त्यांनी 'माझा आवडता ऋतू पावसाळा'च घोटला असणार, पैज लावा.

दसरा झाला की आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला फडावर जातात, पोरं आजीजवळ राहतात. अशा पोराला आपण पत्र शिकवतो ते कुणाला, तर पुस्तक विक्रेत्याला! मागणीपत्र. त्याला आईला लिहायला सांगा की एकदा. फोन आहे, बोलतं रोज. पण फोनवर ते 'हां, जेवलो' एवढंच म्हणतं.

परत वहीवर येतो. मी तणतणत होतो, पोरगी शांत होती. म्हणाली, "मामा, मग दोन वह्या करू का? एक सरांची, एक माझी."

काय बोलणार यावर. हो म्हणालो. दुकानातून दोनशे पानी आणून दिली, ती घेऊन माडीवर गेली. रागही जरा उतरला.

आता कमेंटमध्ये 'लिहून पोट भरतं का' येणारच आहे. नाही भरत. क्रिकेट खेळून तरी किती जणांचं भरतं? बॅट घेऊन देताच ना?

सोमवारी शाळेत जाणार आहे. भांडायला नाही, आमच्या ताईनं तशी शपथच घातलीय. एवढंच मागणार: शनिवारची शाळा सकाळची असते, त्यातला शेवटचा तास द्या. पोरांना वाटेल ते, वाटेल तसं लिहू द्या. एसटीतलं भांडण लिहितील, आजीच्या शिव्या लिहितील, प्रेमपत्रं लिहितील, लिहू द्या. मार्क नाहीत, लाल पेन नाही, आणि पोरानं स्वतः दाखवल्याशिवाय वही उघडायची नाही. सर नाही म्हणाले तर आमच्या ओसरीवर बसवतो. माजलगावकरांनो, सतरंजी आणि पोरं तुमची, चहा माझा.