कागद मोठ्याने वाचून दाखवणारे वकीलसाहेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वकीलसाहेबांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि आठवडाभर थांबून हे उत्तर लिहीत आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे : १९४२ साली देशातले तरुण तुरुंगात जात असताना जो माणूस इंग्रजांच्या फौजेत भरती झाला, त्याला मी वीर ठरवले, तालुक्याच्या कोर्टातल्या चारचौघांसारख्या वकिलीला मी नको तेवढे मोठे केले, आणि त्यांनी खोताचेही, म्हणजे गावातल्या जमीनमालकाचेही, वकीलपत्र घेतले होते व त्यातच आपल्या आजोबांची जमीन गेली, ही गोष्ट मी लपवली. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो खरा आहे. त्याकडे मी येतोच, पण आधीच्या दोन्हींबद्दल माझे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

‘वीर’ हा शब्द मी मागे घेतो. तो त्यांना स्वतःला रुचला नसता. आमच्याच भागातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सगळे साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. एस.टी. तिथे थांबली की वकीलसाहेब खाली उतरून पुतळ्यासमोर क्षणभर उभे राहत आणि पुन्हा जागेवर येऊन बसत. ते स्वतः इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीत कारकून हवालदार होते, आणि इटलीच्या मोहिमेतल्या सर्वांना मिळाले तेवढेच पदक त्यांच्याकडे होते.

भरतीबद्दल मात्र आपला निवाडा मला फार घाईचा वाटतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस ते भरती झाले हे खरे. पण या युद्धाबद्दल तेव्हा देशाचे एकमत नव्हते. १९३९ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, तर बाबासाहेब आंबेडकर आणि सावरकर हे दोघे, आपापल्या अगदी वेगळ्या कारणांनी, तरुणांना सैन्यात जा असे सांगत होते. सक्ती नसताना पंचवीस लाखांची फौज उभी राहिली, ती काय सगळी राजनिष्ठेने? कोकणातल्या घराघरांत त्यामागे भाताची कोठी रिकामी असणे हेही कारण होते. वकीलसाहेबांचे वडील वारलेले, पाठीवर चार भावंडे, आणि शिक्षण इंटरवर अडलेले. आपले आजोबा त्या वर्षी तुरुंगात होते, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे; पण त्या तुरुंगवासाच्या मापाने दुसऱ्याची चूल मोजू नये, असे मला मनापासून वाटते.

त्या फौजेतून त्यांनी काय आणले, हे मी मूळ लेखात नीट सांगितले नाही, आणि ती माझ्या लेखातली खरी उणीव आहे. निरक्षर जवानांची पत्रे लिहिणे हे त्यांचे कामाबाहेरचे काम होते. ते पलटणीत येण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी एका जवानाचे पत्र लिहिले होते. जवानाने सांगितले होते ‘बैल विकू नका’ आणि लिहिताना ‘नका’ राहून गेले. घरच्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर बैल विकला. उत्तर आले तेव्हा ते वाचून दाखवण्याचे काम वकीलसाहेबांच्या वाट्याला आले. त्या दिवसापासून त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद, अंगठा उमटण्याआधी, मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवला. युद्ध संपल्यावर नोकरीची वर्षे पुरेशी नसल्याने पेन्शन मिळाली नाही. मुंबईत राहून त्यांनी पदवी पूर्ण केली, चर्चगेटच्या सरकारी लॉ कॉलेजातून कायदा केला आणि सनद घेऊन ते गावी परतले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे, अगदी ऐंशी ओलांडेपर्यंत, हीच सवय त्यांची वकिली होती.

‘चारचौघांसारखी वकिली’ असे आपण म्हणता, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. कुळ कायद्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांसाठीच्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कूळ कसत असलेल्या जमिनीचे मालक झाले, असे कायद्याने मानले. पण त्यात मेख होती. कलम ३२ ग खाली मामलेदारासमोर हजर राहून ‘मला जमीन घ्यायची आहे’ असे कुळाने सांगावे लागे. तो आला नाही, किंवा ‘नको’ म्हणाला, तर खरेदी निष्फळ ठरे. आता कोकणातल्या कित्येक कुळांचे नाव सात-बारावर, पण माणूस लालबाग-परळच्या गिरणीत. नोटीस गावात लागणार, शेतात बायको आणि म्हातारी आई, आणि खोताचा माणूस दारात येऊन सांगणार की पैसे भरावे लागतील, परवडणार नाही, ‘नको’ म्हणून मोकळे व्हा.

वकीलसाहेब शनिवारच्या रात्री मुंबईला येत. लालबागला आमच्या गावकीच्या गाळ्यात पंचवीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत. रविवारी सकाळी ते सगळ्यांना बसवत, नोटिशींच्या नकला पिशवीतून काढत आणि एकेकाचे नाव, गट, तारीख वाचत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, वडिलांच्या मांडीला टेकून बसलो होतो. वडिलांची पाळी आली तेव्हा वकीलसाहेबांनी पूर्ण कागद वाचला, मग विचारले, “आता मी काय वाचलं ते तुम्ही मला सांगा.” वडिलांना सांगता आले नाही. त्यांनी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वडिलांनी बरोबर सांगितले, तेव्हाच कागदावर सही घेतली. जमीन खरेदी झाल्याचे, कलम ३२ म चे प्रमाणपत्र आमच्या घरी अजून आहे. फी म्हणून काही घरांनी तांदूळ दिले, काहींनी काहीच दिले नाही.

आता आपल्या आजोबांबद्दल. वकीलसाहेबांनी खोतांच्या बाजूने दोन कामे चालवली, हे मला लेख लिहितानाही ठाऊक होते. एक काम विधवेचे होते. विधवा, अज्ञान व अपंग मालकांसाठी कायद्यातच कुळाची खरेदी पुढे ढकलण्याची वेगळी तरतूद होती, आणि त्या कामाबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुसरे काम आपल्या आजोबांच्या विरुद्धचे. त्याला असे कोणतेही समर्थन मला सापडलेले नाही. मी ते वगळले, कारण ज्या माणसामुळे माझ्या वडिलांच्या नावावर जमीन झाली, त्याच्याबद्दल ते लिहायला माझा हात चालला नाही. हे कारण आहे, सबब नव्हे. आपली क्षमा मागतो.

वकीलसाहेबांनी नव्वदी ओलांडल्यावर मी त्यांना या कामाविषयी एकदा विचारले होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “त्या राजीनाम्यावरचा अंगठा माझ्यासमोर झाला नाही. मी विचारायला हवं होतं.” कुळाने जमीन सोडल्याचा राजीनामा नुसता लेखी असून चालत नसे, तो कुळाने राजीखुशीने दिला आहे, याची खात्री मामलेदाराने करायची असे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून दाखवले, त्यांनी तो एक कागद न विचारता स्वीकारला, हे त्यांना ठाऊक होते.

लेखात हा मजकूर मी या आठवड्यात घालतो आहे, माझ्या चुकीच्या उल्लेखासह. आपण लिहिले आहे की आजोबांनी अंगठा दिलाच नव्हता, असे आजी सांगत असे. तसे असेल तर तो राजीनामा आणि त्यावरचा मामलेदाराचा शेरा पाहिला पाहिजे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गट क्रमांक आणि वर्ष देऊन नकलेसाठी अर्ज करता येतो. जुना गट क्रमांक आपल्याकडे नसेल, तर गावच्या फेरफाराच्या नोंदींतून तो शोधावा लागेल. ते काम मला येते. पुढच्या महिन्यात मी गावी जाणारच आहे. आपण दादरला भेटलात तर एकत्रच निघू, आणि कागद मिळाला तर तिथेच बसून तो पूर्ण वाचू.