दुसरं टोक कोण धरणार?

तोंडात चार टाचण्या, उजव्या हातात क्रोशाच्या झालरीचं एक टोक. दुसरं टोक जमिनीवर. स्टुलावर उभी राहून मी त्याच्याकडे बघतेय आणि ते माझ्याकडे. एकटं राहण्याचे फायदे मी कोणालाही तासभर ऐकवू शकते. फक्त नाताळच्या आदल्या आठवड्यात, स्टुलावरून नाही.

आयत्या झिरमिळ्या लावल्या असत्या तर अर्ध्या तासात सुटले असते. पण ऑगस्ट आला की माझ्या अंगात कलाकार येतो. यंदा सगळं हाताने! क्रोशाचे बारा हिमकण, एक झालर, टेबलावर भरतकामाची पट्टी. डिसेंबरच्या मध्यावर हिशेब केला तेव्हा हिमकण भरले साडेतीन.

त्यातल्या पहिल्याला सात हात आहेत. बर्फाच्या स्फटिकाला असतात सहा, कारण पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळीतच बसतात. त्यांना दुसरं काही येत नाही. मला येतं. साखळ्यांची कडी करून तिच्यात बारा खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, दर दोन खांबांवर एक हात. मी मोजत असताना बेल वाजली, परत येऊन बसले आणि खांब झाले चौदा. विल्सन बेंटली नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, पुढे असे पाच हजारांहून जास्त काढले, आणि दोन हिमकण सारखे नसतात असं सांगून ठेवलं. माझे हिमकण एकमेकांसारखे का नाहीत, हा प्रश्न त्यामुळे परस्पर मिटला. सात हातांच्या बाबतीत मात्र बेंटली काही मदत करत नाही.

सुईवरून उतरलेला हिमकण ओल्या रुमालासारखा लोळतो. तो ताठ करायला मी साखरेचा पाक केला. बुडवायचा, हलकेच पिळायचा, थर्माकोलवर ताणून प्रत्येक टोकाला टाचणी, आणि रात्रभर वाळत ठेवायचा. सकाळी बघते तर सात हातांच्या हिमकणाला आठवा हात फुटलेला. काळा, आणि हलणारा. टेबलाच्या पायावरून निघालेली मुंग्यांची रांग थेट मधल्या कडीत शिरत होती. फुंकर मारली, झटकलं, शेवटी बुडवून धुतलं. मुंग्या गेल्या, पाक गेला, ताठपणाही गेला. आता खळ लावलीय.

भरतकामाच्या पट्टीवर एक देवदूत आहे. डोळ्यांसाठी गाठीचा टाका. दोरा सहा पदरी येतो, त्यातले एक-दोनच पदर घ्यायचे असतात, हे मला पहिला डोळा झाल्यावर आठवलं. तेव्हा देवदूत एका डोळ्याने थक्क झालाय आणि दुसऱ्याने डुलकी काढतोय. तरीही मोठ्या हौसेने मावशीला व्हिडिओ कॉल केला. टाके मला तिनेच शिकवलेत.

“छान झालंय गं. आता उलटी बाजू दाखव बघू.”

“मावशी, आवाज तुटतोय तुझा.”

“माझा नाही तुटत. पट्टी उलटी कर.”

मी फोन कापला. उलट्या बाजूला हिरवा दोरा झाडावरून निघून देवदूताच्या पाठीमागून घंटेपर्यंत चालत गेलाय, वाटेत दोनदा गाठ खाऊन. खरं तर या घरात ती बाजू बघायला माझ्याशिवाय आहे कोण? तरी चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला चिकटवून टाकले. मावशीचा नेम नाही.

राहता राहिली झालर. एक टोक खिडकीच्या खिळ्याला बांधलं, उतरले, स्टूल सरकवलं, चढले. तेवढ्यात पहिलं सुटलं. असं तीनदा. चौथ्यांदा अक्कल आली आणि दुसरं टोक कपाटाच्या मुठीला पक्कं बांधलं. मधला झोल इतका सुरेख पडला की मीच टाळ्या वाजवल्या. परंपरेप्रमाणे नाताळची सजावट ६ जानेवारीपर्यंत ठेवायची असते, तोवर आता तिला हात लावायचा नाही.

नाताळच्या जेवणाचं बोलावणं आलंय. नेसायची साडी कपाटात आहे.